जागेपणी काहीच नव्हतं

"प्रज्ञा, कुंदा उठून नाई राह्यली."

शाळेत निघायची वेळ झाली होती, डबा भरून ठेवला होता, आणि दिलीपभाऊंचा फोन आला. ते एवढंच म्हणाले. गेली, असा शब्द त्यांनी वापरला नाही. उठत नाहीये, असं सांगत होते... जणू मी वर्ध्याहून हाक मारली असती तर ती उठली असती. "डॉक्टर आले होते का, भाऊ?" मी विचारलं. "येऊन गेले," ते म्हणाले. त्यानंतर आम्ही दोघंही फोन कानाला लावून राहिलो. त्यांच्या मागे अंगणात बायकांचा आवाज वाढत गेला आणि मला समजायचं ते समजलं.

कुंदा माझी बालमैत्रीण. दिलीपभाऊ तिचा थोरला भाऊ. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. भेटणारे विचारतात, कशानं गेली? मी सांगते, झोपेत. मग ते हात जोडतात, म्हणतात, पुण्यवान होती, असं मरण मागून मिळत नाही. मी मान हलवते. काय सांगणार... झोप या शब्दाशी तिचं सबंध आयुष्य कसं बांधलं गेलं होतं, हे दारात उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव जामच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. आम्ही नववीत असताना शाळेची सहल गिरडला गेली होती. टेकडी चढून सगळ्यांनी दर्ग्यात डोकं टेकवलं, खाली येऊन झाडाखाली डबे सोडले आणि दुपारी टेम्पोत दाटीवाटीनं बसून परत निघालो. उन्हानं दमलेल्या पोरी एकमेकींवर कलंडल्या होत्या. कुंदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. अर्ध्या वाटेत ते डोकं एकाएकी ताठ झालं आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला. माणसाच्या तोंडून तसा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. मग झटके, तोंडाला फेस. कुणी कांदा फोडून नाकाला लावा म्हणालं, कुणी चप्पल हुंगवली. सरांनी टेम्पो थांबवला आणि तेही आमच्यासारखेच नुसते पाहत उभे राहिले. थोड्या वेळानं ती शांत झाली, डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गाव आलं का वो?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, दिलीपच्या बहिणीले मिरगी हाय, भरदिवसा चालत्या गाडीत फिट आली. भरदिवसा हा शब्द तिला तेव्हा चिकटला तो चिकटलाच. ती झोपली होती हे फक्त मला माहीत होतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्या वयात वाटणार कसं, आणि कुणी मला विचारलंही नाही.

त्यानंतर वर्गात तिच्याजवळ कुणी बसेना. पोरींच्या आयांनीच तसं बजावलं होतं. मी बसत राहिले. मी बौद्ध वस्तीतली. कुंदाच्या घरी तोवर माझं येणं-जाणं ओसरीपर्यंत होतं आणि पाणी मिळायचं ते वेगळ्या गिलासात. पण आता कुंदापाशी सतत कुणीतरी हवं होतं आणि शेताच्या दिवसांत घरी माणूस नसायचं. तेव्हा तिच्या आईनं मला आत बोलावलं. "ये माय, बस तिच्यापाशी," म्हणाल्या, आणि मी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला. पुढे वेगळा गिलासही कुठे गेला कुणास ठाऊक, त्यावर कुणी काही बोललं नाही. कुंदाच्या नजरेतून मात्र हे सुटलं नव्हतं. एकदा हसून म्हणाली, "माह्या मिरगीनं तुले घरात घेतलं, अन् मले घरात कोंडलं."

कोंडलं हा शब्द तिच्या घरच्यांना फार लागला असता. त्या घरात तिला कधी कुणी वाकडा शब्द बोललं नाही. जे केलं ते सगळं मायेनंच. वडील लवकर गेलेले, विशीतल्या दिलीपभाऊंवर घर येऊन पडलेलं, आणि त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली होती... बहिणीला काही होऊ द्यायचं नाही. विहिरीकडे जायचं नाही. चुलीजवळ, पुढे गॅस आला तर गॅसजवळ, उभं राहायचं नाही. सायकल नाही, गच्ची नाही. दहावीनंतर शाळा नाही, कारण कॉलेजला एसटीनं जावं लागलं असतं. न्हाणीघराची आतली कडी दिलीपभाऊंनी स्वतः पेचकसानं काढून टाकली. ती अंघोळीला गेली की आई दाराबाहेर पाट टाकून बसायच्या आणि थोड्या थोड्या वेळानं "कुंदे?" म्हणायच्या. आतून "हाव" यायला हवं. नाही आलं तर दार ढकललं जायचं. पोरगी होती तेव्हा आणि चांगली बाई झाली तेव्हाही तिनं अंगावर पाणी घेतलं ते असंच, मध्ये मध्ये "हाव" म्हणत.

उपचारांतही भाऊंनी कसूर केली नाही. तिला वर्ध्याला नेऊन मेंदूचा आलेख काढला, ईईजी म्हणतात तो. केस धुऊन, तेल न लावता यायला सांगितलं होतं. डोक्याला ठिकठिकाणी वायरी चिकटवल्या. डोळे मिटा, उघडा, जोरजोरात श्वास घ्या. समोर दिवा लुकलुकवला... आणि रिपोर्ट आला तो अगदी स्वच्छ. "मशीनमंदी काईच नाई," भाऊ गावात आनंदानं सांगत आले. पण फिट येतच राहिल्या, म्हणून गोळ्या चालू राहिल्या. त्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची. दुपारी भिंतीला टेकली की डोळा लागायचा आणि अशाच एखाद्या डुलकीत फिट यायची. घरचे म्हणायचे, पाहा, बसल्या बसल्या आली. मग पहारा आणखी घट्ट व्हायचा. कधी सकाळी उठायची ती जीभ चावलेली, अंग ठेचल्यासारखं. त्याला घरात 'आंग दुखते' एवढंच म्हणत.

लग्न एकदाच ठरत आलं होतं. आईंचं म्हणणं, सांगायचं नाही. दिलीपभाऊ पाहुण्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेले आणि वाटेत खरं काय ते सांगून आले. पाहुणे पुन्हा आले नाहीत. कुंदा त्यांच्याशी त्यावरून भांडली नाही. मला म्हणाली, "बरोबरच केलं भाऊनं. पन मले इचारून केलं असतं तं..."

मी शिकायला बाहेर पडले, बी.एड. झाले, वर्ध्याच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले, संसार मांडला. गावी गेले की तिच्याकडे जायचेच. ती ओसरीवर तूर निवडत बसलेली आणि शेजारी कुणीतरी. दिलीपभाऊंचं लग्न झालं, शोभावहिनी आल्या, त्यांची ऋतुजा झाली, मोठी झाली. पहाऱ्यावरची माणसं बदलत गेली. पुढे पुढे तर छोटी ऋतुजासुद्धा कंबरेवर हात ठेवून सांगायची, "आत्या, तिकडं नोको जाऊ." कुंदा मुकाट्यानं परत फिरायची. पाच-सहा वर्षांच्या पोरीचं ऐकून परत फिरणारी ती तिशीतली बाई मला पाहवायची नाही. एकदा मी सहज विचारलं, तुला काय हवं गं? तिनं आधी इकडे तिकडे पाहिलं. वहिनी मागच्या अंगणात होत्या. मग हळूच म्हणाली, "मले एकटं राहून पाह्यचं हाय. जास्त नाई. एक दुपार. मानूस एकटं असलं का काय करते? तू काय करतं?"

"काहीच नाही करत," मी म्हटलं.

"तेच," ती म्हणाली. "तेच मले करून पाह्यचं हाय."

माझ्या एका सहकारी बाईंच्या मुलाला नागपुरात एका डॉक्टरीणबाईंच्या हातून गुण आला होता. मी दिलीपभाऊंना म्हटलं, कुंदाला तिथे दाखवू. ते म्हणाले, "पुन्हा मशीनच ना?" मशीन तेच, मी सांगितलं, पण या वेळी दिवसरात्र लावून ठेवतील, झोपेतसुद्धा, आणि समोर कॅमेरा असेल. ते बराच वेळ चपलेच्या टोकानं माती उकरत राहिले. परक्या गावात, परक्या हाती बहीण सोपवायची ही कल्पनाच त्यांना पेलत नव्हती. शेवटी म्हणाले, "तू राह्यशीन तिच्यासंग?" मी शाळेत रजा टाकली.

ती खोली मी विसरणार नाही. एक पलंग, कधीच न उघडणारी एक खिडकी, वरच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचा काळा डोळा. तंत्रज्ञ मुलीनं टेपनं कुंदाचं डोकं मोजलं, पेन्सिलनं खुणा केल्या, एकेका खुणेवर लेप लावून वाटीसारखी इवलीशी चकती बसवली आणि वरून फेट्यासारखी पट्टी गुंडाळली. सगळ्या वायरींची एक वेणी करून ती पलंगाशेजारच्या डब्यात खोचली. आता तिला फार तर संडासापर्यंत जाता येई, तेही डबा गळ्यात अडकवून आणि दार उघडं ठेवून. कुंदानं वर पाहिलं आणि म्हणाली, "घरचे तरी झोपत होते. याले झोपच नाई." गोळ्या कमी केल्या होत्या, कारण या वेळी फिट यायला हवी होती. इतकी वर्षं जी येऊ नये म्हणून एक सबंध घर जागं होतं, तिची आम्ही पाहुण्यासारखी वाट पाहत बसलो. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. दिवस सरता सरेना. मला स्वतःला दुसऱ्याच दिवशी तिथून पळून जावंसं वाटू लागलं... आणि मग मनात आलं, मला ही खोली दोन दिवसांतच नकोशी झाली.

डॉक्टरीणबाई वयानं आमच्याहून लहान, बोलायला मोकळ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पडदा आमच्याकडे फिरवला आणि कुंदाला डोळे मिटायला सांगितलं. तिनं मिटले, तशा काही रेघा एका लयीत हलू लागल्या, वाऱ्यावर गव्हाच्या ओंब्या हलाव्यात तशा. उघडले की लय मोडायची. "ही मेंदूतली वीज," बाई म्हणाल्या. "टॉर्चच्या सेलपुढे काहीच नाही, पण आहे. पेशी एकमेकींशी अशाच बोलतात. आम्ही बाहेरून, भिंतीला कान लावल्यासारखं ऐकतो." मी शाळेत मुलांना मज्जापेशी शिकवते, फळ्यावर आकृती काढते, पण माझ्या मैत्रिणीच्या डोक्यातलं ते हलणं मी पहिल्यांदाच पाहत होते. कुंदाला मात्र डोळे मिटल्यावर स्वतःच्या लाटा दिसणं शक्य नव्हतं. ती मलाच विचारत राहिली, आता काय होते, आता काय होते. मग म्हणाली, "म्हंजे कोनी पाह्यलं नाई तरी हे आतमंदी चालूच राह्यते?" बाई म्हणाल्या, "तुम्ही जिवंत आहात तोवर." ते ऐकून ती गालातल्या गालात हसली.

फिट आली ती एका सकाळी, उजाडता उजाडता, ती गाढ झोपेत असताना. मी बटण दाबलं, नर्स धावल्या. तीच घशातली आरोळी, गिरडच्या टेम्पोतली. तिसरीही येऊन गेल्यावर बाईंनी दिलीपभाऊंना बोलावून घेतलं आणि आम्हा तिघांना पडद्यासमोर बसवलं.

"जागेपणीच्या आलेखात काहीच नाही," त्या म्हणाल्या. "एक खूणसुद्धा नाही. झोप लागली की कपाळामागच्या या भागातून अशा टोकदार लाटा निघतात, आणि तिन्ही फिट इथूनच आल्या, झोपेत. आता मला आठवून सांगा, चालता-बोलता, काम करताना फिट आलेली तुम्ही कधी पाहिली आहे?"

"कितीतरी," दिलीपभाऊ म्हणाले.

"एखादी सांगा."

"वावरात आली होती. भर दुपारी."

"त्या वेळी काय करत होत्या?"

"जेवनं झालते. बाभळीखाली पडली होती..." ते थांबले. मग म्हणाले, "मामाच्या पोरीच्या लग्नात आली. मांडवात, सगळ्यायसमोर."

"पंगत उठल्यावर मी गादीवर लवंडली होती, भाऊ," कुंदा म्हणाली. "डोळा लागला होता माहा."

दिलीपभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी तरी त्यांच्या बाजूनं बोलेन. "अन् गिरडची? ते तं चालत्या गाडीत आलती."

"माझ्या खांद्यावर झोपली होती, भाऊ," मी म्हटलं.

त्यांनी आणखी दोन-तीन प्रसंग आठवून पाहिले. प्रत्येकाच्या शेवटी एक गादी निघत होती, नाहीतर एक भिंत, नाहीतर गोळ्यांनी आलेली ग्लानी. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हंजे दिवसा तिले काईच धोका नव्हता?" बाई जपून बोलल्या. दिवसा कधीच येणार नाही असं मी लिहून देणार नाही, म्हणाल्या; पण आजवर एकदाही आलेली दिसत नाही. गोळ्याही बदलून दिल्या, न पेंगवणाऱ्या. दिलीपभाऊ उठले आणि औषधं घ्यायला खाली गेले. जाताना त्यांचा हात दाराच्या कडेवर जरा वेळ राहिला.

ते गेल्यावर बाईंनी कुंदाला थांबवून घेतलं, मी सोबत होते. म्हणाल्या, दिवस तुमचा आहे, पण झोपेतल्या फिटचा एक वेगळा धोका असतो. फार थोड्यांच्या वाट्याला येतं, पण अशा फिटनंतर कधी कधी श्वास आणि हृदय झोपेतच थांबतं. गोळी चुकवू नका, पालथं झोपू नका, खोलीत कुणी असलेलं बरं. कुंदानं सगळं शांतपणे ऐकलं. "घरी सांगू नका," एवढंच म्हणाली. बाई म्हणाल्या, तुम्ही स्वतः सांगायला हवं. "सांगीन," ती म्हणाली. जिन्यात तिनं माझं मनगट धरलं. "तू बी नको सांगू. आत्ता तं दार उघडलं." तिचं आयुष्य होतं आणि ते पहिल्यांदाच तिच्या हातात येत होतं. पण त्या दिवसापासून ती गोष्ट माझ्याही गळ्यात पडली. ती मोकळी होत गेली तसतशी मी आत आत आवळत गेले.

जामला बसमधून उतरल्यावर दिलीपभाऊ तिला म्हणाले, "तू चाल पुढं." तिला आधी कळलंच नाही. मग ती चालू लागली, गावच्या रस्त्यानं, एकटी. ती दिसेनाशी होईपर्यंत भाऊ तिथेच, पिशवी हातात धरून उभे. मीही. मग म्हणाले, "सव्वीस-सत्तावीस वर्षं झाले असतीन ना?" मी हो म्हटलं. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

पुढची चार-पाच वर्षं तिची. न्हाणीघराला कडी लागली. पहिल्या दिवशी ती आत गेली ती किती वेळ बाहेरच आली नाही आणि आई दाराशी येरझारा घालत राहिल्या. मग ती गॅससमोर उभी राहिली. पहिली पोळी जळाली, ती तिनं कुणाला दिली नाही, स्वतःच खाल्ली. गावच्या बचत गटाचं जामच्या चौकात चहा-नाश्त्याचं दुकान आहे, तिथे ती दुपारी जाऊ लागली. आयुष्यभर जिला आगीपासून दूर ठेवली ती हायवेच्या कडेला उकळत्या तेलात कोथिंबिरीच्या सांबारवड्या सोडायची, ट्रकवाल्यांशी हिंदीत बोलायची. सुरुवातीला भाऊ रस्त्यापलीकडच्या टायरवाल्याकडे येऊन बसत. तिला दिसायचे. ती एक चहा त्यांच्याकडे पाठवून द्यायची, बोलायची नाही. पुढे कधीतरी ते यायचे बंद झाले.

रात्री मात्र ऋतुजा तिच्या खोलीत झोपायची. ती आईंची अट होती आणि कुंदानं ती मुकाट्यानं मान्य केली होती. नवीन गोळ्यांनी फिट खूप कमी झाल्या, कधी कधी सहा-सहा महिने नाहीच. मग ऋतुजा नागपूरला कॉलेजला गेली. आता कोण झोपणार, असा प्रश्न निघाला. आई म्हणाल्या, मी. कुंदा म्हणाली, "कोनी नोको." बोलाचाली झाली. आई दिलीपभाऊंकडे पाहत होत्या, आता हा सांगेल तिला. ते म्हणाले, "राहू दे, माय. झोपू दे तिले एकटी." मी त्या दिवशी तिथेच होते. डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. कुंदानं माझ्याकडे पाहिलं, आणि ते तिथेच राहिलं.

शेवटची भेटली ती दुकानावरच. मी समुद्रपूरकडे एका लग्नाला निघाले होते, उतरले. तिनं वड्या बांधून दिल्या, माझ्या साडीला नावं ठेवली. म्हणाली, रात्री जाग आली की ती उठून बसते आणि खिडकीतून नुसती पाहत राहते. "काय पाहतेस?" "काईच नाई. तूच तं सांगतलं होतं, काईच नाई करत म्हनून." बस आली. मी चढले.

तेरवीच्या दिवशी गावातली माणसं ओसरीवर बसून हेच बोलत होती, पोरीले मोकळं सोडलं म्हणून गेली. दिलीपभाऊ ऐकत होते. आईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मला म्हणाल्या, "यानं दार लावू देल्लं तिले." वहिनींनी सांगितलं, त्या सकाळी दार भाऊंनीच खांद्यानं तोडलं.

लोक पांगल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. आता तरी सांगायलाच हवं होतं. "भाऊ, नागपूरला डॉक्टरीणबाईंनी तिला एक सांगितलं होतं..."

"मालूम हाय," ते म्हणाले.

मी तिथेच पायरीवर बसले.

"औषध घेऊन मी लिफ्टनं वर आलो तवा तुमी दोघी जिना उतरून गेल्या होत्या. मी बाईले इचारलं, झोपीत कोनाले मरन येऊ शकते का. बाई म्हने, येऊ शकते."

"मग तुम्ही कधी काही बोलला का नाही?"

"काय बोलू? बोललो असतो तं मायनं पुन्हा तेच केलं असतं. अन् मीनं बी. माहा मलेच भरवसा नव्हता." ते अंगणाकडे पाहत होते. "इतके वर्षं दिवसाची चौकी केली, अन् दिवसा तिले काईच नव्हतं. आता रातीची बी करू? मंग तिच्यापाशी राह्यते काय? सकाळी तिची कडी वाजे तोवर मी खाटेवर तसाच पडून राहो. वाजली का उठो. रोज."

"तिला माहीत होतं? तुम्हाला सगळं माहीत आहे ते?"

"नाई. तिले वाटे का ते मले फसवून राह्यली. वाटू देल्लं."

आम्ही दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून आणि तिच्यापासून लपवत, तिच्या दोन बाजूंना उभे होतो, इतकी वर्षं. मी त्यांना विचारलं, हे लिहू का? त्यांनी थोडा विचार केला. "लिह्य. गावाचं नाव टाकू नोको." मग म्हणाले, "मायले वाचता येत नाई."

परवा पुन्हा गेले होते. दुपारची वेळ. आई भिंतीला टेकून चटईवर बसलेल्या, दिलीपभाऊ दूर खुर्चीवर. वहिनी मोरीवर भांडी घासत होत्या. मी चहा पीत काहीबाही शाळेतलं सांगत होते. तेवढ्यात कुंदाच्या खोलीत काहीतरी पडलं. वहिनींनी नळ बंद केला. भाऊ खुर्चीतून अर्धे उठलेले. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं, सगळ्यांचे कान त्या दाराकडे.

"दिलीप," आई म्हणाल्या, "पाह्य तं."

ते आत गेले. खोलीतून काही वेळ त्यांच्या पावलांचा आवाज आला, मग तोही नाही. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "मांजर व्हय, माय. डबा पाडला."

"बरं," आई म्हणाल्या. त्यांनी पाय आखडून घेतले आणि चटईवर जागा केली. भाऊ त्यांच्या शेजारी बसले. मोरीवरचा नळ पुन्हा सुरू झाला. आई मला म्हणाल्या, "बस ना वो." तेव्हा लक्षात आलं, चहाचा गिलास हातात धरून मीही कधीची उभी होते.